छोट्या बागेत ड्वार्फ (बुटकं) बीचचं झाड: उंचीचं टेन्शन सोडा, आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं घर लंडनमध्ये हॅरोला, मागे एक्स्टेन्शन केल्यावर बाग उरलीय साधारण ७ मीटर बाय ९ मीटर, बिल्डरने जाताना वर हिरवळीचे रोल पसरून दिलेत आणि खाली चिकणमाती. गार्डन सेंटरला जांभळ्या पानांचा, फांद्या पार खाली लोंबणारा बीच आवडला, लेबलवर ड्वार्फ लिहिलंय, किंमत चांगलीच आहे, आणि घरी सगळे म्हणतायत की बीच म्हणजे केवढा वाढतो, घराचा पाया धोक्यात येईल, नको. तर घ्यावा का, आणि घेतला तर लावायचा कसा.

मी इथे इंग्लंडमध्ये नर्सरी आणि बागांच्याच कामात आहे, बीच भरपूर विकलेत, लावलेत आणि मेलेलेही काढलेत. थोडक्यात उत्तर हे की झाड चांगलं निवडलंय, उंचीची भीती तुमच्या केसमध्ये फुकट आहे, खरी काळजी खालच्या मातीची करा. छोट्या बागांतले बुटके बीच जे गेलेले बघितले ते बहुतेक सगळे पाण्यापायी गेलेत, एकतर हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं किंवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्यायला मिळालं नाही.

पण आधी लेबल. साधा युरोपियन बीच, फॅगस सिल्व्हॅटिका, तो मोकळ्यावर ३० मीटरच्या पुढे जातो, घरच्यांना जी भीती वाटतेय ती या झाडाची आहे आणि ती बरोबरच आहे. त्याच्या वेगवेगळ्या जाती कलम करून विकतात आणि त्यात ड्वार्फ, स्लो, वीपिंग (लोंबणारा), कॉलमनार (सरळसोट अरुंद) हे शब्द दुकानवाले इतके सैल वापरतात की विचारू नका. लेबलवर उंची लिहिलेली असते ती किती वर्षांनंतरची ते बघा, बऱ्याचदा बारीक अक्षरात १० वर्षांनंतर असं असतं, म्हणजे ३ मीटर वाचून तुम्ही खूश होणार आणि झाड अकराव्या वर्षी काही थांबणार नाहीये. वीपिंग म्हणजे छोटं असंही नाही, 'पेंड्युला' नावाचा हिरवा वीपिंग बीच म्हणजे अख्खं पार्क व्यापणारं प्रकरण आहे, फांद्या जमिनीला टेकल्या की तिथे मुळं फुटतात आणि पुढे पसरतो. तसंच अरुंद म्हणजे छोटं नाही. 'डॉइक' नावाचे सरळसोट बीच, मूळचे स्कॉटलंडमधल्या पीबल्सजवळच्या डॉइक इस्टेटवरचे, आता तिथे बोटॅनिक गार्डन आहे, त्यांच्यात 'डॉइक पर्पल' आणि 'डॉइक गोल्ड' ही सुंदर झाडं छोट्या बागेसाठी म्हणून सर्रास गळ्यात मारली जातात, जागा कमी खातात हे खरं पण उंचीला १२ मीटरच्या वर आरामात जातात. तुमच्या ९ मीटरच्या बागेत ते नको.

तुम्ही जो बघितलात तो वर्णनावरून 'पर्प्युरिया पेंड्युला' वाटतोय. हा खरोखर छोटा राहतो, का ते समजून घ्या कारण सगळी गंमत तिथे आहे. याला वर चढणारा शेंडाच नीट नसतो, फांदी निघाली की खाली वळते, त्यामुळे खालच्या साध्या बीचच्या खोडावर ज्या उंचीला कलम बांधलं, दीड मीटर म्हणा किंवा दोन, तीच जवळपास झाडाची उंची, त्यावर वर्षानुवर्षांत थोडी भर पडते आणि साधारण ३ मीटरच्या आसपास मशरूमसारखा डेरा तयार होतो. म्हणजे विकत घेताना कलम किती उंचीवर आहे ते बघा, पुढची उंची तिथेच ठरली. रुंदीला मात्र तेवढाच पसरतो, जमिनीपर्यंत लोंबतो, त्याखाली बसायला जागा वगैरे मिळणार नाही हे डोक्यात असू द्या.

'पर्पल फाउंटन' हा याचाच भाऊ, हॉलंडहून आलेला, पण याला मधला शेंडा असतो, बाजूच्या फांद्या लोंबतात आणि झाड अरुंद राहतं. रुंदीला कमी जागा असेल तर हा बरा पण ४ ते ६ मीटरपर्यंत जातो आणि सुरुवातीची काही वर्षं शेंड्याला काठीचा आधार द्यावा लागतो. मला विचाराल तर तुमच्या जागेला दोन्ही चालतील, मला स्वतःला 'फाउंटन' जास्त आवडतो कारण त्याच्या खाली आणि बाजूला दुसरं काही लावता येतं.

अजून एक भारी प्रकार म्हणजे वेडावाकडा बीच, 'टॉर्चुओसा'. फ्रान्समध्ये रॅँसजवळ व्हेर्झीच्या जंगलात हे नैसर्गिकरीत्या शेकड्यांनी आहेत, जर्मनीत झ्युंटेलच्या डोंगरातही होते, फांद्या नागमोडी वळत खाली येतात आणि झाड उंच व्हायच्या ऐवजी पसरत जातं. हिवाळ्यात पानं नसताना बघण्यासारखं असतं. फक्त बियाणापासून केलेलं घेऊ नका, त्यातली बरीच पुढे सरळ साधी बीच निघतात, कलमाचंच घ्या. 'मर्सिडीझ' आणि 'सँडरोड' असे अगदी संथ वाढणारे, पान वेगळं असलेले ड्वार्फही स्पेशालिस्ट नर्सऱ्यांकडे मिळतात, महाग असतात आणि कित्येकदा वाट बघावी लागते.

आता एक गोष्ट जी गार्डन सेंटरवाला सांगणार नाही कारण त्यात त्याचा फायदा नाही. सगळ्यात स्वस्त ड्वार्फ बीच म्हणजे साधा बीच, कापून ठेवलेला. बीचचं कुंपण दीड मीटरवर पिढ्यान्‌पिढ्या ठेवता येतं, त्याला नोव्हेंबर ते मार्च मिळणारी उघड्या मुळांची छोटी रोपं घ्यायची, मीटरला ३ ते ५ लावायची, काही वर्षांत भिंत तयार. आणि कापलेल्या बीचचा बोनस म्हणजे हिवाळ्यात वाळलेली तांबूस पानं झाडावरच राहतात, वसंतात नवीन कोंब आले की गळतात, त्यामुळे जानेवारीतही आडोसा मिळतो. उंचीला न रोखता वाढू दिलं तर काय होतं ते बघायचं असेल तर स्कॉटलंडमध्ये पर्थशायरला मिकलूरचं बीच कुंपण आहे, १७४५ ला लावलेलं, आज ३० मीटर उंच आणि अर्धा किलोमीटरहून लांब, तेही शेवटी एक कुंपणच. शेजाऱ्याकडच्या बाजूला तुम्हाला आडोसा हवाय असंही तुम्ही लिहिलंय, तर तिथे कुंपण आणि कोपऱ्यात एक कलमी झाड, असं करता येईल, पण आधी पुढचं वाचा.

माती. बीचला पाण्याचा निचरा लागतो, बाकी तो फारसा चोखंदळ नाही, चुनखडीची जमीन तर त्याला फार आवडते, म्हणून चिल्टर्न्सच्या डोंगरउतारांवर त्याची जंगलं आहेत. त्याची मुळं उथळ असतात, वरच्या थरातच पसरतात, आणि त्यांना हवा लागते. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटीच्या आसपास झाडं पडली, त्यात बीच ढिगाने होते कारण जमीन पाण्याने भिजलेली, झाडावर पानं अजून होती आणि मुळं वरवरची. आणि उलट बाजूने, १९७६ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडचे कितीतरी मोठे बीच वाळले. म्हणजे ओल जास्त झाली तरी मरतो, कमी झाली तरी मरतो, आणि हॅरोची लंडन क्ले हिवाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, दोन्ही देते. त्यात तुमच्याकडे बिल्डरचं मशीन फिरलंय म्हणजे माती दाबून विटेसारखी झाली असणार आणि हिरवळीखाली हमखास विटांचे तुकडे, सिमेंट निघणार.

म्हणून पैसे देण्याआधी हे करा. जिथे झाड हवंय तिथे हिरवळ उचलून ४० एक सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. खड्डा कोरडा किंवा जेमतेम ओला असेल तर बीच लावा. तळाशी थोडं पाणी असेल तर उंचवट्यावर लावता येईल, खाली सांगतो. आणि निम्मा खड्डा अजून भरलेला असेल तर बीचचा नाद सोडा, खरंच सोडा, त्याऐवजी हॉर्नबीम घ्या. हॉर्नबीमचं पान दिसायला बीचसारखंच, फक्त कडेला दाते असतात आणि शिरा जास्त ठसठशीत, कुंपण केलं तर तोही हिवाळ्यात वाळली पानं धरून ठेवतो आणि जड चिकणमाती त्याला चालते. जांभळा मिळणार नाही एवढंच. मी कित्येक जणांना बीचवरून हॉर्नबीमवर आणलंय आणि शेजारी येऊन छान बीच आहे म्हणून जातात.

निचरा बरा असेल तर लावायचं असं. खड्डा खोल नको, रुंद हवा, मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद आणि खोली गोळ्याएवढीच, कडा फावड्याने घासून गुळगुळीत झाल्या असतील तर बागेच्या काट्याने (फोर्कने) खरवडा नाहीतर चिकणमातीत तो खड्डा म्हणजे पाणी साठवायची टाकी होते. तळाशी खडी टाकू नका, आपल्याकडे कुंडीत टाकायची सवय असते पण जमिनीत त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी त्याच्या वरच अडून राहतं. खड्ड्यात कंपोस्टच्या पिशव्याही ओतू नका, तीच माती परत भरा, मुळांनी बाहेर जायला शिकलं पाहिजे. दाबलेली माती आजूबाजूला एक-दीड मीटरपर्यंत काट्याने सैल करा, हे कंटाळवाणं काम आहे पण झाडावर खर्च केलेल्या पैशापेक्षा याचा फायदा जास्त. निचरा मध्यम असेल तर आजूबाजूची माती ओढून २० ते ३० सेंटीमीटरचा पसरट उंचवटा करा आणि त्यावर लावा.

खोलीबद्दल एकदम कडक राहा. खोड जिथे रुंद होऊन मुळात उतरतं ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे, कुंडीतल्या झाडांत ती बऱ्याचदा कंपोस्टखाली गाडलेली असते, आधी बोटाने खरवडून शोधा. कलम जमिनीलगत बांधलेलं असेल तर तोही सांधा मातीच्या वरच हवा. आधाराची काठी लावली तर खालून एक तृतीयांश उंचीवर बांधा, शेंडा वाऱ्यात हलला पाहिजे, आणि दोनेक वर्षांनी काढा. 'फाउंटन'च्या शेंड्याची काठी वेगळी, ती राहू दे. मग ५ ते ७ सेंटीमीटर मल्च म्हणजे मातीवरचं आच्छादन, लाकडाच्या ढलप्या किंवा कुजलेली पानं, पण खोडाला चिकटून नाही, चार बोटं सोडून. आणि झाडाभोवती एक मीटरचं गोल गवताशिवाय ठेवा, बीचची साल पातळ असते, गवत कापायच्या स्ट्रिमरचा एक फटका बसला की तो डाग आयुष्यभर राहतो. (म्हणूनच लोकांना बीचवर नावं कोरायची हौस, शंभर वर्षांनीही वाचता येतात.)

आता पाणी, आणि इथे लोक फसतात. बीचची या वर्षीची वाढ ही बरीचशी मागच्या उन्हाळ्यातच कळीमध्ये तयार होऊन बसलेली असते, मे महिन्यात ती दोन-तीन आठवड्यांत उलगडते आणि मग झाड बहुतेक गप्प. त्यामुळे यंदा पाणी कमी पडलं तर यंदा फार काही दिसणार नाही, पुढच्या मे मध्ये कोंब बारके येतील आणि तुम्ही म्हणाल आता तर रोज पाणी घालतोय मग असं का. पहिले दोन-तीन उन्हाळे, एप्रिल ते सप्टेंबर, पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा २० लिटर, म्हणजे दोन मोठे झारे, हळूहळू ओतायचे. रोज थोडं थोडं शिंपडलं तर ते वरच राहतं. लंडनचं पाणी जड असतं पण बीचला चुना आवडतोच, नळाचं बिनधास्त घाला. २०२२ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० च्या वर गेला तेव्हा नवीन लावलेल्या बीचची पानं कडेने करपून कागदासारखी झाली होती, ज्यांनी पाणी चालू ठेवलं त्यांची झाडं पुढच्या वर्षी फुटली. पानं करपली म्हणून झाड गेलं समजू नका, नखाने फांदी खरवडून आत हिरवं आहे का बघा आणि पुढच्या मे पर्यंत थांबा. पहिली दोन वर्षं वाढ जवळपास शून्य वाटेल, ते नॉर्मल आहे, खतं ओतत बसू नका.

जागा निवडताना जांभळ्याला ऊन लागतं, सावलीत तो मळकट हिरवा होतो. सोनेरी पानांचा मात्र कडक उन्हात भाजतो. तुमच्या एक्स्टेन्शनच्या काचेच्या दारांसमोर आणि पॅटिओच्या फरशीलगत नको, उष्णता परतून येते.

घरापासून अंतर. ३ मीटर उंच राहणाऱ्या 'पर्प्युरिया पेंड्युला'साठी भिंतीपासून ४-५ मीटर ठेवलंत की मला तरी काळजी वाटणार नाही, तुमच्याकडे तेवढं मिळतंय मागच्या कोपऱ्यात. लंडन क्लेवर मोठ्या झाडांनी पाणी ओढून पाया खचतो हे खरंच होतं, त्यामुळे घरच्यांना वेड्यात काढू नका, पण तो मोठ्या झाडांचा प्रश्न. घर विम्याच्या कागदात झाडांबद्दल काही विचारलं असेल तर ते मात्र वाचा.

आणि उंचीचा खरा धोका कुठून येतो तर कलमाच्या खालून. खालचं खोड साध्या बीचचं असतं, ३० मीटरवालं, त्यातून हिरवे सरळ कोंब फुटतात आणि लक्ष दिलं नाही तर तेच झाड होऊन बसतं, वरचा जांभळा बिचारा दबून जातो. मला बोलावून दाखवलेले "ड्वार्फ अचानक वाढला" प्रकार बहुतेक हेच होते. दिसला हिरवा कोंब की लहान असतानाच मुळापासून काढा.

बाकी छाटणी फारशी नाही. मेलेली, एकमेकांवर घासणारी फांदी काढा. कुंपण असेल तर ऑगस्टच्या शेवटी एकदा कापा, त्याआधी पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरात असलेलं घरटं मुद्दाम मोडणं इथे गुन्हा आहे. म्हातारा बीच खूप खोलवर कापलेला सहन करत नाही, कुंपण फार रुंद झालं तर एका हिवाळ्यात एक बाजू, ती सावरली की पुढे दुसरी. तुमच्यापासून गाडीने जवळच बर्नहॅम बीचेस आहे, १८८० पासून सिटी ऑफ लंडनकडे, तिथले शेकडो वर्षांचे पोकळ बुटके बीच बघून या, ते पूर्वी जळणासाठी डोक्यावरून पुन्हापुन्हा छाटले जायचे म्हणून तसे झाले. मुलांनाही आवडेल. कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे कौन्सिलने जपणुकीसाठी ठरवलेल्या भागात असाल तर दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलिमीटरपेक्षा जाड झालं की छाटायच्या आधी कौन्सिलला ६ आठवड्यांची नोटीस लागते, हे झाड विकत घेतलेलं तुमचं असलं तरी.

रोगाचं म्हणाल तर मे-जूनमध्ये पानाखाली पांढरा कापूस दिसेल आणि चिकट होईल, तो मावा आहे, दिसायला घाण पण झाडाचं काही बिघडवत नाही, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, औषध नको. खारी त्रास देतात, मे ते जुलै साल सोलतात, पण लोंबणाऱ्या दाट झाडावर तेवढा नाही. खोडातून गडद काळसर रस गळताना दिसला किंवा खोडाशी मधासारख्या रंगाची मशरूम्स गुच्छाने आली तर मात्र तिथेच न थांबता माणूस बोलवा. जुन्या घराच्या बागेत आधी एखादं झाड हनी फंगसने (ती मधाच्या रंगाची मशरूम्स त्याचीच) गेलं असेल तर बीच लावूच नका.

कुंडीत लावला तर चालेल का असंही विचारलंय. चालेल, पण नेहमीची कटकट. किमान ४५ सेंटीमीटरची जड कुंडी, जॉन इनिस नंबर ३ सारखं मातीचं कंपोस्ट, उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी, आणि दर दोन-तीन वर्षांनी मुळं बघून बदलायचं. भारतात चार आठवडे सुट्टीला जाणारी माणसं आपण, शेजाऱ्याच्या भरवशावर कुंडीतला बीच ऑगस्टमध्ये टिकत नाही. जमिनीतच लावा.

अमेरिकेतल्या नातेवाईकांना पाठवणार असाल तर त्यांना वेगळं सांगा. तिकडे २०१२ ला ओहायोत पहिल्यांदा दिसलेला बीच लीफ डिसीज आहे, कळ्यांमध्ये शिरणाऱ्या सूक्ष्म अळीसारख्या कृमीचा, आता न्यू जर्सीच्याही पुढे मेनपर्यंत पसरलाय आणि युरोपियन बीचच्या बागेतल्या जातींनाही होतो. पान उजेडाकडे धरलं की शिरांमध्ये गडद पट्टे दिसतात. त्या भागात मी आज महागडा बीच लावणार नाही. आणि पुण्याच्या काकांसाठी रोप न्यायचं म्हणताय ते विसरा, सामानातून रोप नेता येत नाही हा भाग वेगळाच, पण याला खरा थंड हिवाळा लागतो, त्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत, महाबळेश्वरही पुरेसं नाही.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरला करा, माती अजून जरा उबदार असते आणि हिवाळाभर पाऊस फुकट पाणी घालतो. गार्डन सेंटरमध्ये झाड कुंडीतून अर्धं बाहेर काढून दाखवायला सांगा, लाजू नका. मुळं गोल गोल फिरून जाड दोरखंड झालेली असतील तर सेलमध्ये अर्ध्या किमतीला दिलं तरी नको. कलमाचा सांधा स्वच्छ, चीर नसलेला हवा, आणि नाव पूर्ण लिहिलेलं हवं, नुसतं "पर्पल वीपिंग ड्वार्फ बीच" असं लेबल असेल आणि जातीचं नाव विचारल्यावर दुकानवाला इकडेतिकडे बघायला लागला तर ते तिथेच ठेवा. खड्ड्याची टेस्ट मात्र आत्ता नको, जमिनीला भेगा असताना केली तर पाणी भेगांतून पळून जाईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा आणि निकाल कळवा, मग कोणता ते ठरवू.